कमी पटाच्या शाळेतील शारीरिक शिक्षण : प्राथमिक शिक्षण संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षण संचालक (प्राथमिक),
महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : कमी पटाच्या प्राथमिक शाळांतील शारीरिक शिक्षणाच्या अध्यापनाबाबत.

आदरणीय महोदय,

सादर नमस्कार.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील एका वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षिका आहे. शाळा द्विशिक्षकी आहे, वर्ग पहिली ते चौथीचे आहेत आणि यंदाचा पट एकोणीस आहे. हे पत्र मी एकाच विषयापुरते लिहीत आहे. शारीरिक शिक्षण आमच्या वेळापत्रकात आहे, मूल्यमापनाच्या नोंदवहीत आहे आणि वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकावर त्याची श्रेणीही उमटते. परंतु एकोणीस मुलांच्या, चार इयत्ता एकत्र बसणाऱ्या शाळेत हा विषय प्रत्यक्ष शिकवायचा कसा, याचा विचार करून केलेली एकही व्यवस्था मला माझ्या सेवेत आढळलेली नाही. अभ्यासक्रम, साहित्य, प्रशिक्षण आणि स्पर्धा ही चारही अंगे मोठी शाळा गृहीत धरून आखलेली आहेत, आणि लहान शाळेने त्यातले जमेल तेवढे करावे अशी अपेक्षा आहे. ही अपेक्षा बदलावी आणि लहान शाळेसाठी स्वतंत्र विचार व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

अशा शाळा अपवादाने सापडतात असे कोणी म्हणू शकणार नाही. २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची चर्चा सुरू झाली तेव्हा विभागानेच दिलेल्या आकडेवारीनुसार वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा राज्यात साडेचौदा हजारांहून अधिक होत्या आणि त्यांत शिकणारी मुले एक लाख ऐंशी हजारांच्या पुढे होती. एवढ्या मुलांच्या हालचालींची मूळ कौशल्ये ज्या वयात पक्की होतात, त्या वयातला हा विषय आपण जवळजवळ शिक्षकाच्या वैयक्तिक आवडीवर सोपवला आहे.

कायद्याची बाजू आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, तरी ती येथे मांडणे आवश्यक वाटते, कारण पोकळी तिथूनच सुरू होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान असावे आणि प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळाचे साहित्य मिळावे असे म्हटले आहे. त्याच अनुसूचीत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि तीही पट शंभरच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी मैदान आहे, चेंडू आहे, परंतु हा विषय जाणणारा माणूस नाही. साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक, हे प्रमाण ठरवताना ते दोघे भाषा, गणित आणि परिसर अभ्यासाबरोबर शारीरिक शिक्षणही शिकवतील असे धरलेले आहे. तसे शिकवण्यास माझी हरकत नाही. पदविकेच्या अभ्यासक्रमात हा विषय आम्हा सर्वांना होता. परंतु त्यानंतरच्या सेवांतर्गत प्रशिक्षणांत भाषा आणि गणिताच्या तुलनेत शारीरिक शिक्षणाच्या वाट्याला काय आले, हे विभागाने एकदा आपल्याच नोंदी काढून पाहावे.

आता तासिकेत प्रत्यक्ष काय घडते ते सांगते. दोन शिक्षकांपैकी एक जण बैठकीला, माहिती भरायला किंवा पोषण आहाराच्या हिशेबाला गुंतलेला असतो तेव्हा चारही इयत्ता एका शिक्षकाकडे असतात, आणि अशा दिवशी शारीरिक शिक्षणाची तासिका म्हणजे मुलांना मैदानावर सोडणे. मुले आनंदाने जातात. तिसरी-चौथीतले चपळ मुलगे चेंडू ताब्यात घेतात, मुलींपैकी काही जणी लंगडी किंवा लगोरी मांडतात, पहिलीतली चिमुरडी कडेला मातीत बसतात, आणि एखादे अंगाने जड किंवा भित्रे मूल पायरीवरून उठतच नाही. अर्ध्या तासाने घंटा होते. या वेळात जे मूल आधीच पळत होते ते आणखी पळाले आणि ज्याला पळता येत नव्हते ते बसून राहिले. गणिताच्या तासाला आपण असे करत नाही. ज्याला वजाबाकी येते त्याने करावी आणि ज्याला येत नाही त्याने खिडकीतून बाहेर पाहावे, असे कोणताही अधिकारी चालू देणार नाही.

मुलांना सोडणे आणि मुलांना शिकवणे यांतला फरक एका साध्या उदाहरणाने सांगता येईल. पहिलीत आलेल्या बऱ्याच मुलांना चेंडू झेलता येत नाही. चेंडू अंगावर आला की ती डोळे मिटतात, मान वळवतात आणि दोन्ही हात छातीशी घट्ट आवळून घेतात. त्यांना मोठी मुले खेळात घेत नाहीत, त्यामुळे सराव मिळत नाही, आणि सराव नसल्यामुळे चौथीत गेली तरी ती तशीच राहतात. झेलणे शिकवता येते. प्रथम जमिनीवर बसून समोरासमोर मोठा, मऊ चेंडू घरंगळत द्यायचा, म्हणजे नजर चेंडूवर ठेवण्याची सवय लागते. मग एक टप्पा पाडून, मग हाताने थोडा वर उडवून स्वतःच पकडायचा, मग जवळून खालून टाकलेला, आणि त्यानंतर हळूहळू अंतर वाढवायचे व चेंडू लहान करायचा. कापडाचा चेंडू यासाठी उत्तम, कारण तो लागत नाही आणि लागण्याची भीती गेली की निम्मे काम झालेले असते. दररोज थोडा वेळ दिला तर काही आठवड्यांत फरक दिसतो, आणि तो केवळ हातांत दिसत नाही. ज्या मुलाला काल कोणी खेळायला घेत नव्हते ते मूल आज स्वतःहून मध्ये उभे राहते. धावताना थांबणे, दिशा बदलणे, दोन्ही पायांवर उडी घेऊन गुडघे वाकवत उतरणे, डाव्या पायावरही लंगडी घालणे, एका पायावर तोल सांभाळणे, खांद्यावरून फेकणे, या प्रत्येक गोष्टीला अशी चढती पायरी आहे. ती पायरी कोणत्या वयात कुठवर यावी आणि मूल अडले तर काय करावे, हे सांगणारे मार्गदर्शन चार इयत्ता एकत्र असलेल्या वर्गासाठी मांडून मिळाले पाहिजे.

या मागणीवर मला नेहमी एकच उत्तर मिळते, आणि ते सद्भावनेने दिले जाते म्हणून त्याचा सविस्तर विचार करते. खेड्यातली मुले दिवसभर हुंदडतात, डोंगर चढतात, ओढ्यात पोहतात, त्यांना शारीरिक शिक्षणाची गरज शहरातल्या मुलांइतकी नाही, असे म्हटले जाते. आमच्या वाडीतली काही मुले खरोखर काटक आहेत. परंतु शाळेत चालत येणाऱ्यांची संख्या घटते आहे, वाहनाने सोडणारे पालक वाढले आहेत, आणि संध्याकाळी घरात मोबाइल आहे तो वाडीतही आहे. दुसरे असे की, डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणारी मुलगी कष्ट करत असते, ती खेळत नसते. त्या कष्टाने तिची मान आणि कंबर दुखते. तिला फेकता, झेलता, उडी मारता येऊ लागत नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातली मुले फडावर लहान भावंडांना सांभाळून परत येतात तेव्हा ती थकलेली असतात, सुदृढ झालेली नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पाच ते सतरा वयोगटासाठी दररोज सरासरी साठ मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सांगितली आहे आणि हाडे व स्नायू बळकट करणारी हालचाल आठवड्यातून किमान तीन दिवस असावी असे म्हटले आहे. खेड्यातल्या प्रत्येक मुलाला हे आपोआप मिळते, असे गृहीत धरण्यापूर्वी ते एकदा पाहिले गेले पाहिजे.

मुलींविषयी थोडे वेगळे लिहिणे भाग आहे. पहिली-दुसरीत मुलगे आणि मुली यांच्या धावण्यात मला काही अंतर दिसत नाही. तिसरीपासून ते दिसू लागते आणि चौथीत मुली मैदानाच्या कडेला सरकतात. याला शरीर कारण नाही, कारण त्या वयात तसा मोठा फरक नसतोच. गणवेशाचा परकर किंवा झगा उडीच्या वेळी सावरावा लागतो, एवढे साधे कारणही पुरेसे असते. पायात घट्ट न बसणारी चप्पल असते. घरून सांगितलेले असते की आता मोठी झालीस. आणि मोकळ्या सोडलेल्या मैदानावर जो जोरात ओरडतो त्याच्याकडे चेंडू जातो. शिक्षकाने आखून घेतलेल्या खेळात मात्र असे होत नाही, हे मी खात्रीने सांगते. कारण तिथे पाळी ठरलेली असते आणि प्रत्येकाला चेंडू मिळतो. गणवेशाचा निर्णय घेताना त्या कपड्यांत मुलीला पळता, वाकता आणि उडी मारता येते का, हा एक निकष विभागाने ठेवला तर त्याला वेगळा खर्च लागणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. त्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या मुलींनी खो-खोशिवाय दुसरे काही खेळले नाही. ती ओढ पुढे टिकवण्यासाठी शाळेत काय आहे, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि अजून सुटलेला नाही.

साहित्याचे म्हणायचे तर समग्र शिक्षा अभियानात २०१८-१९ पासून प्राथमिक शाळेसाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंतचे क्रीडा अनुदान ठरलेले आहे. लहान शाळेला ही रक्कम कमी नाही. ती वेळेवर यावी आणि कशावर खर्च करायची ते शाळेने ठरवावे, एवढीच अट पूर्ण झाली तरी पुष्कळ होईल. एका वर्षी आमच्या हाती पडलेल्या संचात मोठ्या माणसाच्या उंचीची बॅट, खांब नसलेली व्हॉलीबॉलची जाळी आणि सहा वर्षांच्या मुलाच्या हातात मावणार नाही असा कडक चेंडू होता. ते साहित्य वाईट नव्हते, ते आमच्या मुलांचे नव्हते. आम्हाला लागतात वेगवेगळ्या आकारांचे मऊ चेंडू, रबरी रिंगा, उड्यांच्या दोऱ्या, खुणेचे शंकू, हलक्या लेझीम, मोजण्याची लांब टेप आणि मैदान आखायला फक्की. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक मोठा चेंडू देण्याऐवजी सात-आठ लहान चेंडू द्यावेत, कारण एकोणीस मुलांत एक चेंडू असेल तर एका वेळी एकच मूल शिकत असते आणि अठरा वाट पाहत असतात.

स्पर्धांची रचना हा या पत्रातला सर्वांत अवघड भाग आहे, कारण त्यांच्यामागे अनेक शिक्षकांची मेहनत आहे आणि केंद्र (म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट), बीट (अशा काही केंद्रांचा गट), तालुका, जिल्हा अशा चढत्या स्पर्धांनी अनेक मुलांना पुढे नेले आहे. तरीही त्यांचा लहान शाळेवर काय परिणाम होतो ते सांगितले पाहिजे. कबड्डीला मैदानात सात खेळाडू लागतात आणि खो-खोला नऊ. मुलगे आणि मुली वेगळे केले, वयाची अट लावली, तर आमच्या शाळेतून एकही पूर्ण संघ उभा राहत नाही. मग धावण्याच्या शर्यतीसाठी एक-दोन मुले निवडली जातात, स्पर्धेच्या आधीचे काही दिवस सारे लक्ष त्यांच्यावर जाते आणि उरलेली मुले त्या दिवशी टाळ्या वाजवायला बसतात. पटाने मोठ्या शाळेला ढाल मिळते, आणि लहान शाळेतल्या मुलांच्या मनात आपण कमी आहोत असे घट्ट बसते. ती कमी नसतात, ती संख्येने थोडी असतात.

केंद्रस्तरावरचा पहिला टप्पा वेगळा ठेवता येईल, असे मला मनापासून वाटते. केंद्रातल्या पाच-सहा लहान शाळांची सर्व मुले एका दिवशी एका मैदानावर आणावीत आणि शाळेनुसार संघ न करता प्रत्येक संघात प्रत्येक शाळेची आणि प्रत्येक इयत्तेची मुले, मुलगे व मुली मिसळून, घ्यावीत. संघाचे गुण सर्वांच्या मिळून मोजावेत : सगळ्यांच्या लांब उड्यांची बेरीज, सगळ्यांनी मिळून टाकलेल्या चेंडूंचे अंतर, रिले, दोरीवरच्या उड्या. अशा मोजणीत पहिलीतल्या मुलाची दोन फुटांची उडीही संघाच्या खात्यात जमा होते आणि चौथीतली मुलगी त्याला उडी शिकवायला स्वतःहून वेळ देते. तालुक्यापासून पुढे सध्याच्या नियमांप्रमाणे स्पर्धा खुशाल व्हाव्यात, मात्र तिथे दोन-तीन लहान शाळांना मिळून एक संघ उतरवण्याची मुभा सर्व जिल्ह्यांत लेखी स्वरूपात असावी. आज ती कुणाच्या समजुतीवर अवलंबून असते.

लहान शाळेकडे फक्त उणिवांच्या नजरेने पाहू नये, अशीही माझी विनंती आहे. चार इयत्ता एकत्र असणे हे शारीरिक शिक्षणासाठी मोठे बळ ठरू शकते. वयाने समान असलेल्या चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षक एकटाच शिकवतो; आमच्याकडे प्रत्येक लहान मुलाजवळ एक मोठे मूल असते. आट्यापाट्या, लगोरी, विटीदांडू, लंगडी, सूरपारंब्या, सागरगोटे हे खेळ महाराष्ट्राच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या असेच मिश्र वयात खेळले गेले, आणि लहानग्यांना आउट न होणारा भिडू करून घेण्याची रीत मुलांनीच काढली. त्या रीतीत शिकवण्याचे उत्तम तत्त्व आहे : लहान मूल खेळाबाहेर राहत नाही आणि खेळही मोडत नाही. खो-खोचे पूर्ण मैदान सत्तावीस मीटर लांब लागते, तेवढी जागा आमच्याकडे नाही. पण चार चौकोन आखून, चार भिडू बसवून आणि पळणाऱ्यांची वेळ कमी करून तोच खेळ आमच्या अंगणात नीट होतो आणि पाठीवर थाप देऊन दिशा न बदलता पळण्याचे कौशल्यही तेच असते. असे बदल राज्यातल्या कितीतरी शिक्षकांनी आपापल्या जागी करून घेतले आहेत. ते एकत्र करून, तपासून, एका पुस्तिकेत आणण्याचे काम राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने हाती घेतले तर ते कमी खर्चात आणि लवकर होणारे आहे. सध्या कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांना मिळून ‘खेळू, करू, शिकू’ हे एकत्रित पाठ्यपुस्तक आहे. त्यातले उपक्रम चांगले आहेत, परंतु ते इयत्तानिहाय आहेत. चारही इयत्तांना एकाच वेळी घेऊन मैदानावर उभ्या असलेल्या शिक्षकाला एकच उपक्रम चार पातळ्यांवर कसा घ्यावा हे हवे असते.

पावसाचाही विचार व्हावा. आमच्या भागात जून ते सप्टेंबर मैदान वापरता येत नाही, म्हणजे पहिल्या सत्राचा बराचसा भाग व्हरांडा आणि वर्गखोली यांतच जातो, आणि मार्च-एप्रिलमध्ये ऊन इतके असते की सकाळच्या शाळेतली पहिली तासिका सोडून मुलांना बाहेर काढणे योग्य नसते. उरलेले चार-पाच महिने सुगीचे असतात, तेव्हा गावाला मैदानाचा उपयोग खळ्यासारखा करावा लागतो आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही, कारण ही माणसे आमचीच आहेत. म्हणून वर्षभराचे नियोजन हवामानाप्रमाणे व्हावे : पावसाळ्यात तोल, ताल, फुगडी, झिम्मा, लेझीम, योगासने आणि बसून करायचे हाता-डोळ्यांच्या मेळाचे खेळ; हिवाळ्यात धावणे, उड्या, फेक आणि सांघिक खेळ. ‘खेलो इंडिया’च्या शारीरिक क्षमता चाचण्यांत पाच ते आठ वयोगटासाठी एका पायावरचा तोल आणि हाताने चकत्या भराभर टिपणे या दोन चाचण्या आहेत. त्या व्हरांड्यातही घेता येतात. नऊ वर्षांपुढे मात्र पन्नास मीटरची धाव आणि सहाशे मीटरचे धावणे-चालणे आहे, आणि सरळ पन्नास मीटर जागा डोंगरातल्या अनेक शाळांना नाही. जागा सपाट करण्यासाठी रोजगार हमीतून आणि ग्रामपंचायतीच्या निधीतून काम होऊ शकते, पण त्यासाठी शाळेच्या जागेची कागदपत्रे शाळेच्या नावावर असावी लागतात. त्यासाठीचा पाठपुरावा दोन शिक्षकांच्या शाळेवर न टाकता गट पातळीवरून व्हावा.

मूल्यमापनाविषयी स्पष्ट बोलते. २०१० पासून आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात या विषयाला लेखी परीक्षा ठेवली नाही, हा निर्णय योग्यच होता. त्यामागचा हेतू असा की शिक्षकाने मूल रोज पाहावे आणि त्याच्या नोंदी लिहाव्यात. व्यवहारात ‘खेळात आवडीने भाग घेतो’, ‘खिलाडूवृत्ती दाखवते’ अशी तयार वाक्ये एका नोंदवहीतून दुसरीत जातात, कारण पाहायला वेळ नसतो आणि नेमके काय पाहायचे ते सांगितलेले नसते. त्याऐवजी प्रत्येक मुलासाठी वर्षात दोनदा सहा-सात कौशल्यांची साधी नोंद पुरेशी आहे : उजव्या व डाव्या पायावर तोल, झेल, फेक, दोन पायांवर उडी, दिशा बदलून धावणे, तालावर हालचाल. जून आणि मार्च यांतला फरक पालकांना दाखवता येतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी तो हाताने लिहून दाखवला, तेव्हा एरवी केवळ वाचनाची चौकशी करणाऱ्या पालकांनी आपल्या मुलाच्या झेलाबद्दल प्रश्न विचारले.

वाचनाचा आणि संख्याज्ञानाचा आग्रह मला मान्य आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने लहान वर्गांकडे लक्ष वेधले हे चांगले झाले, आणि मूल वाचू शकत नसेल तर त्याची जबाबदारी माझी आहे. परंतु त्या आग्रहाची किंमत बहुधा शारीरिक शिक्षणाच्या तासिकेने चुकवली आहे. स्तरनिश्चितीच्या, म्हणजे मुलांची वाचन-गणितातली पातळी तपासण्याच्या, आधीच्या आठवड्यांत ती तासिका वाचनाला दिली जाते, आणि शाळाभेटीला आलेले अधिकारी ‘आजची शारीरिक शिक्षणाची तासिका दाखवा’ असे विचारत नाहीत. विचारले जाते तेच टिकते, हा आमचा सर्वांचा अनुभव आहे. केंद्रप्रमुखांच्या आणि विस्तार अधिकाऱ्यांच्या भेटीच्या नमुन्यात या तासिकेचे प्रत्यक्ष निरीक्षण ही एक ओळ घातली, तर एक रुपयाही खर्च न होता मोठा बदल घडेल. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शारीरिक शिक्षण व निरामयता याला स्वतंत्र अभ्यासक्षेत्र मानले आहे. शाळाभेटीच्या नमुन्यात त्याला एक ओळ मिळावी, ही मागणी त्यामानाने फारच लहान आहे.

माणसाचा प्रश्न शेवटी उरतोच. प्रत्येक लहान शाळेला क्रीडा शिक्षक मिळावा असे मी म्हणत नाही, ते शक्य नाही हे मला कळते. केंद्राला एक शारीरिक शिक्षण शिक्षक असावा, त्याने आठवड्यातून एक दिवस एका शाळेत जावे, आणि त्या दिवशी केवळ मुलांना खेळवून न परतता तेथील शिक्षकासह तासिका घ्यावी, म्हणजे उरलेले दिवस शिक्षक तीच पुढे नेऊ शकेल. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक अशाच रीतीने अनेक शाळांना भेटी देतात, त्यामुळे ही पद्धत विभागाला नवी नाही. आमच्या शाळेत एक मूल आहे, त्याचा एक पाय अशक्त आहे. विशेष शिक्षकांनी मला दाखवले की बसून चेंडू फेकण्याच्या खेळात सर्वांनाच बसवले तर ते मूल बरोबरीने खेळते, आणि दाखवायला त्यांना काही मिनिटेच लागली. मला ते सुचले नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने खेळातील सहभागाचा हक्क मान्य केला आहे. तो वाडीवर पोहोचतो तो अशा काही मिनिटांच्या मदतीतून.

असा शिक्षक मिळेपर्यंत थांबण्याची गरज नाही. दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेपैकी वर्षातून दोन परिषदा मैदानावर व्हाव्यात, जिथे शिक्षक स्वतः चेंडू हातात घेऊन पायऱ्या शिकतील. साडी नेसणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या शिक्षिकांनाही हा विषय उत्तम शिकवता येतो, कारण शिकवणाऱ्याने धावून दाखवलेच पाहिजे असे नाही. कुठे पाहायचे आणि पुढचे पाऊल कोणते, हे ठाऊक असले पाहिजे. अनेक सहकारी केवळ संकोचाने या तासिकेपासून दूर राहतात, आणि तो संकोच एका चांगल्या प्रात्यक्षिकाने जातो.

लहान शाळा बंद करून मुले मोठ्या शाळेत नेली की मैदान, संघ आणि शिक्षक हे सारे प्रश्न एकदम सुटतील, असा युक्तिवाद होतो, म्हणून त्याबद्दल दोन वाक्ये. सहा वर्षांच्या मुलाचा रोजचा बराच वेळ वाहनात गेला तर तो त्याच्या खेळातूनच कमी होणार आहे, आणि वाहन न आल्याच्या दिवशी सर्वांत आधी मुलीची शाळा बुडणार आहे. शाळा जोवर वाडीत आहे तोवर तिथल्या मुलांचे शारीरिक शिक्षण पुढच्या एखाद्या निर्णयाची वाट पाहत थांबवता येणार नाही, कारण मूल पहिलीत एकदाच असते.

आगामी शैक्षणिक वर्षापूर्वी आपण तीन आदेश काढू शकता, असे मला वाटते : शाळाभेटीच्या नमुन्यात या तासिकेची नोंद, क्रीडा अनुदानातून साहित्य निवडण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला, आणि केंद्रस्तरीय स्पर्धांत लहान शाळांसाठी मिश्र व संयुक्त संघांची लेखी मुभा. बहुवर्गाध्यापनासाठीची पुस्तिका आणि केंद्राचा शिक्षक यांना अधिक वेळ लागेल हे मी जाणते. पुस्तिकेच्या कामासाठी लहान शाळांतल्या शिक्षकांचा गट करण्याचे ठरल्यास मी सुट्टीच्या काळात येण्यास तयार आहे, आणि आमच्या केंद्रातले आणखी काही सहकारीही येतील. वेगवेगळ्या वयाच्या मुलांना एकत्र घेऊन आम्ही जे खेळ बसवले आहेत त्यांच्या आखणीचे कागद आमच्याकडे आहेत. ते मागवल्यास लगेच पाठवू.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका,
जिल्हा परिषद द्विशिक्षकी शाळा